एडविन ओर्साकच्या मापाची गिटार

एडविन ओर्साकची नवी गिटार आली तेव्हा एडविनला जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते. दोघांपैकी कुणीच सांगितलेली वेळ पाळली नव्हती. गिटार मार्चमध्ये यायची होती, ती ऑगस्टमध्ये आली. एडविन न्हाव्याकडून अर्ध्या तासात परत येणार होता.

तो न्हाव्याच्या खुर्चीतच गेला. डावी बाजू कापून झाली होती, उजवी राहिली होती. डॉक्टर येऊन मान हलवून गेल्यावर न्हाव्याने उजवी बाजूही कापली, कारण माणसाला असं अर्धवट घरी पाठवणं त्याला बरं दिसेना. मग तो स्वतः बातमी घेऊन आला. मार्सेलाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागून फार बारीक तर नाही ना केलेस?"

हे वाक्य व्हेसेल्का गावात पुढे बरेच दिवस फिरत होतं.

मार्सेला रडली नाही. न रडण्याचं तिने काही ठरवलं नव्हतं, ती वाट बघत होती. दफनाच्या वेळी रडू येईल असं वाटलं, आलं नाही. थडग्यावर दगड बसवताना येईल असं वाटलं, पण त्या दिवशी माणसं दगड पाठमोरा बसवायला निघाली आणि तिचं सगळं लक्ष त्यांच्यावर ओरडण्यात गेलं. गावातल्या बायका शेवयांची भांडी घेऊन येत, तिच्या डोळ्यांत वाकून बघत, आणि विहिरीला पाणी नाही असं दिसल्यावर माणूस जसा सरळ होतो तशा सरळ होत. एकोणचाळीस दिवसांत सव्वीस भांडी आली. तिने शेवया खाल्ल्या, भांडी घासली, ज्याची त्याला परत केली. आत सगळं दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यानंतरच्या गालासारखं होतं. गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही.

त्या शनिवारी सकाळी दारात व्हॅन थांबली. व्हॅनमधून वेंडेल टकर उतरला. हा वेको शहराच्या पलीकडचा कारागीर. वर्षाला अकरा गिटारी बनवायचा, आणि प्रत्येक गिटार ती वाजवायला बसणाऱ्याच्या अंगाच्या मापाने. त्याच्याकडे नंबर लावून लोक चार-चार वर्षं थांबत.

"मॅडम, एडविन आहे का? त्याला म्हणावं, पातळ तळाचे बूट घालून ये."

"तो वारला," मार्सेला म्हणाली.

वेंडेलने हॅट काढली. "कधी?"

"सात जुलैला."

"मी उशीर केला."

"तुम्ही मार्चमध्ये आला असतात तरी तो जुलैतच गेला असता." तिला त्याचं सांत्वन करायचं होतं. ते ऐकून तो आणखीच खचला.

पण गिटार त्याने उतरवली. बैठकीच्या खोलीत चार पाय लावून उभी केली. पेडल स्टील गिटार काखेत धरायची नसते, तिच्यासमोर शिवणयंत्रासमोर बसावं तसं बसायचं असतं. वर आडव्या दहा तारा. उजव्या हाताच्या बोटांना नख्या, डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी, ती तारांवरून सरकवायची. खाली पावलांसाठी पेडल, आणि गुडघ्यांसाठी दांड्या, डाव्या गुडघ्याला तीन, उजव्याला दोन. पेडल दाबलं, दांडी ढकलली की एखादी तार सुरात वर चढते, एखादी उतरते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. त्यातून जो आवाज येतो त्याला सगळे लोक रडणं म्हणतात. या घरात आता निदान कुणाला तरी ते जमेल, असं मार्सेलाला वाटून गेलं.

गिटार सुंदर होती. ओल्या गवताचा हिरवा रंग, आणि पुढच्या पट्टीवर शिंपल्याच्या अक्षरांत नाव. फक्त 'ओर्साक'.

"पूर्ण नाव का नाही?"

"मावलं नाही. पेटी अरुंद झाली." वेंडेल जरा घुटमळला. "मॅडम, एडविन केवढा होता?"

"सहा फूट दोन इंच."

वेंडेलने खिशातून मापाचा कागद काढला, उलगडला, लांब धरला, जवळ धरला. "या मांड्या पाच फूट तीनच्या माणसाच्या आहेत."

"त्याच्या नव्हत्या."

"मी वाद घालत नाही. तुम्ही त्याला बघितलंय."

"दांड्या हलवता येतील?"

"आत सळ्यांचं जाळं आहे. हलवायचं तर सगळं उसवावं लागेल. तीन महिने."

वेंडेलचे तीन महिने म्हणजे किती, हे या घराला चांगलं ठाऊक होतं. जाताना तो म्हणाला, "कुणी बसणारं सापडलं तर कळवा. कुणी बसल्याशिवाय मी गिटार पुरी झाली असं म्हणत नाही." मग हॅट घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली आणि गेला.

दुपारी आल्फोन्स कुबाला आला. हा बँडचा म्होरक्या, साठीचा, अकॉर्डियन वाजवणारा. एडविन त्याच्या उजव्या हाताला बावीस वर्षं बसत आला होता. त्याच्याबरोबर आल्बिना, एडविनची थोरली बहीण, सत्ताविसावं भांडं घेऊन.

"आली म्हणे!" आल्फोन्सने गिटारीभोवती एक फेरी मारली. "देवा रे. मार्सेला, नाचघराच्या कमिटीचा निर्णय झाला. हीच एडविनची गिटार धरायची."

व्हेसेल्काच्या नाचघरात बिअरच्या काउंटरमागे एक चौकट आहे. तिच्यात गाव वसवणाऱ्यांनी १९१३ साली आपल्या चेक भाषेत लिहिलेला नियम आहे, की नाचघराचा वादक वारला तर पुढच्या नाचाला त्याचं वाद्य स्टेजवर बोललं पाहिजे, आणि तोवर त्याच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बहुधा व्हायोलिन असावं. पण पाळायचा म्हणजे पाळायचा. म्हाताऱ्या पेट्राशचा ट्युबा, म्हणजे भलामोठा पितळी कर्णा, त्याच्या दमेकरी पुतण्याने वाजवला होता आणि ट्युबा बोलल्यावर पुतण्यालाच खाली झोपवावं लागलं होतं. ढोलवाल्याच्या वेळी आल्फोन्सने ढोलावर एक थाप मारली आणि सगळे जेवायला बसले.

एडविनच्या बाबतीत पेच होता. आपली जुनी गिटार त्याने जूनमध्येच ओक्लाहोमाच्या एका माणसाला देऊन टाकली होती, कारण नवी 'पुढच्या आठवड्यात' येणार होती. शेवटचे पाच आठवडे त्याच्याकडे गिटारच नव्हती. गुडघ्यांचं काय करावं हे त्याला कळत नसे. जेवताना टेबलाखाली ते आपले आपण चालायचे आणि ताटल्या खुळखुळायच्या. मग ज्या गिटारीला त्याने हातही लावला नाही ती त्याचं वाद्य म्हणायची का? यावर कमिटीने दोन तास सॉसेज खात चर्चा केली होती.

"दोन आठवड्यांनी चर्चच्या उत्सवाचा नाच आहे," आल्फोन्स म्हणाला. "त्या दिवशी ही बोललीच पाहिजे. मला नवा स्टीलवाला सापडलाय, ट्रॅव्हिस. चांगला आहे पोरगा. पण त्याला सॅन अँटोनिओहून बोलावणं आहे. या नाचाला खुर्चीवर बसवला नाही तर तो गेला. आणि स्टीलशिवाय आम्ही काय, दोन म्हातारे आणि एक अकॉर्डियन. बँड बंद."

"आणि बोलली की?"

"बोलली की सुटली. खुर्ची मोकळी, गिटार मोकळी. विक, ठेव, तुझी मर्जी."

"आणि मग माझ्याकडे यायचं बंद होईल?"

"कुणाचं यायचं?"

मार्सेलाने आल्बिनाच्या हातातल्या भांड्याकडे बघितलं. आल्बिना म्हणाली, "यात खसखस घातलीय, पोरी. खसखशीने मन मोकळं होतं."

"बरं," मार्सेला म्हणाली. गिटार एकदा बोलली की आपली सुटका, एवढंच तिने धरून ठेवलं. आत काही होत नव्हतं, तेव्हा बाहेरचं तरी उरकलेलं बरं.

ट्रॅव्हिस रविवारी आला. सहा फूट एक, पातळ तळाचे बूट, अतिशय नम्र. "माफ करा मॅडम," म्हणत तो बसला आणि गुडघे आत घातले. पाचही दांड्या एकदम दाबल्या गेल्या. दहा तारांवर त्याने कांडी टेकवली आणि बैल फाटकात चेमटल्यासारखा आवाज आला.

"मॅडम," ट्रॅव्हिस म्हणाला, "मला निघता येत नाहीये."

आल्फोन्सने त्याला काखेत धरून ओढलं. ट्रॅव्हिस निघाला, बूट राहिले.

"विटा," आल्फोन्स म्हणाला.

गिटारीच्या चारही पायांखाली एकेक वीट ठेवली. गुडघ्यांना जरा जागा झाली, पण पेडलही वर गेली आणि पाय पोचेनात. मग ट्रॅव्हिसच्या पावलांखाली विटा ठेवल्या. तर गुडघे वर आले. मग स्टुलाखाली विटा ठेवल्या. शेवटी सगळं नीट लागलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की परिस्थिती अगदी पहिल्यासारखीच आहे, फक्त एक वीट वर. ट्रॅव्हिस पुन्हा अडकला होता. या वेळी त्याने स्वतःहून बूट काढून ठेवले.

बुधवारी दातांचे डॉक्टर आले. ते हौशी वाजवणारे, उंचीला बेताचे. उंची जमली, पण डॉक्टरांच्या मांड्या एकमेकींपासून लांब राहण्याच्या सवयीच्या होत्या. "ही गिटार नाही, चिमटा आहे," ते म्हणाले. मार्सेलाने त्यांना शेवया दिल्या. शुक्रवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या सिस्टर बेनिग्ना आल्या. त्यांची उंची बरोबर, अंतर बरोबर, सगळं बरोबर. पण त्यांचा झगा दांड्यांत गुंतला आणि आल्फोन्सने तो सोडवायला हात पुढे केल्यावर त्या म्हणाल्या, "मिस्टर कुबाला, मी मेले तर माझा ऑर्गन कुणीही वाजवला तरी चालेल." मार्सेला झग्याची शिवण उसवून त्यांना बाहेर काढीपर्यंत अर्धा तास गेला.

आल्फोन्स पायरीवर बसला. "कोणासाठी बनवलीय ही? एडविन आयुष्यभर काय गुडघे दुमडून चालत होता?"

"तो पहिल्यापासून तसाच," आल्बिना म्हणाली. "आईने सांगितलं होतं डगला एक माप मोठा घे, तर हा एक माप लहान घेऊन आला. वर म्हणाला, मला घट्टच आवडतो. तीन हिवाळे हात वर करून चालला."

आल्बिना हे सांगताना रडली. मार्सेलाने तिला रुमाल दिला. तिच्याकडे पुष्कळ रुमाल होते, सगळे इस्त्रीचे.

सोमवारी नाचाला पाच दिवस उरले. मार्सेलाने गिटार पुसायला घेतली. वरून पुसली, बाजूंनी पुसली. खालच्या सळ्यांवर विटांची लाल धूळ बसली होती, तिथे हात पोचेना, म्हणून तिने स्टूल ओढलं आणि बसली.

तिचे गुडघे आत गेले. कुठेच काही लागलं नाही. डावा गुडघा डावीकडे बोटभर सरकवला तर दांडी तिथेच होती. उजवीकडे सरकवला तर तिथेही. वर उचलला तर तिथे. पावलं टेकवली ती पेडलवरच पडली. एकोणीस वर्षांत या घरातली एकही खुर्ची तिला अशी बसली नव्हती. हातात फडकं धरून ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

मग तिला आठवलं. चार वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. वेंडेलचा कागद आला होता. माप दुसऱ्याने घ्यावं, बसणाऱ्याने हलू नये, असं त्यावर लिहिलं होतं. मार्सेला गावातल्या सगळ्या नवऱ्यामुलींचे झगे शिवायची, टेप तिच्याच गळ्यात होती. "बस, घेते," ती म्हणाली. "तुला कुठून घ्यायचं ते माहीत नाही," तो म्हणाला, "तू बस, मी दाखवतो." त्याने तिची मापं घेतली. जमिनीपासून मांडी, गुडघ्यापासून गुडघा, पाऊल. चाऱ्याच्या बिलाच्या मागे लिहिली. मग तो बसला, तिने त्याची घेतली, त्याने तीही खाली लिहिली. आकड्यांच्या दोन ओळी, नाव कुठल्याच ओळीला नाही. तेवढ्यात वासरू कुंपणाबाहेर गेलं आणि दोघं त्याच्यामागे धावले. वेंडेलचा कागद त्याने नंतर एकट्याने भरला.

म्हणजे चुकला. ओळ चुकला.

पण मग तिला दुसरंही आठवलं. लग्नानंतर महिनाभरात ती एकदा त्याच्या जुन्या गिटारीसमोर बसली होती. पाय पेडलपर्यंत पोचले नव्हते, हवेत लोंबकळत होते. एडविन हसला होता. ती उठली आणि एकोणीस वर्षं तो विषय निघाला नाही.

तिने वेंडेलला फोन लावला.

"तुम्ही मापाबद्दल एडविनला काही विचारलं होतं का?"

"विचारलं होतं ना. मी म्हटलं, गड्या, फोनवर तुझा आवाज उंच माणसाचा वाटतोय पण कागदावर पाय आखूड दिसतायत. बरोबर आहे ना? तर म्हणाला, माझ्या हाताने घेतलंय, लिहिलंय तसं कर."

"हसला का?"

वेंडेलने विचार केला. "हसला नाही. पण तो काहीतरी खात होता."

"काय खात होता?"

"ते मला कसं कळणार, मॅडम?"

ती फोन ठेवून बसली. हे एवढ्यावर सुटण्यासारखं नव्हतं. एडविनने मुद्दाम तिच्या मापाची गिटार करायला सांगितली असेल, चार वर्षं मनात ठेवलं असेल आणि मार्चमध्ये म्हणणार असेल, बस आता. किंवा तो ओळ चुकला असेल, वेंडेलने विचारल्यावर ते त्याच्या लक्षात आलं असेल, आणि चूक कबूल करण्यापेक्षा पाच फूट तीन होणं त्याला सोपं वाटलं असेल. एकदा ह्यूस्टनला जायला निघून तो रस्ता चुकून पार लुइझियानाच्या हद्दीपर्यंत गेला होता आणि तिथे गाडी थांबवून म्हणाला होता, मला हा पेट्रोलपंपच बघायचा होता. दहा मिनिटं त्याने तो पंप बघितलाही. त्याच्याबरोबर एकोणीस वर्षं काढलेल्या बाईला दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या वाटत होत्या.

यावर तरी रडू येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली. मग उठून अ‍ॅम्प्लिफायरची वायर लावली.

आल्फोन्स संध्याकाळी आला तेव्हा ती गिटारीसमोरच होती.

"अडकलीस?" त्याने दारातूनच विचारलं.

"नाही. मीच बसते शनिवारी."

"तुला वाजवता येतं?"

"नाही."

"मग काय वाजवणार?"

"नियमात काय लिहिलंय? वाद्य बोललं पाहिजे. काय बोललं पाहिजे ते लिहिलंय का?"

आल्फोन्सने वर बघून तो नियम मनात वाचला. "नाही लिहिलं," तो म्हणाला. "पण मार्सेला, लोकांसमोर—"

"तुम्ही ढोलावर एक थाप मारलीत ना? मग मीही एकच."

वाजवता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. ढोलवाल्याशेजारी बसून बसून एडविनचा एक कान गेला होता. तो बैठकीत सराव करायचा आणि ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "एडविन, तिसरी उतरलीय!" तो खुंटी पिळायचा. "अजून!" तो अजून पिळायचा. "बस!" लग्नात त्यांचं सगळ्यात जास्त बोलणं बहुधा तिसऱ्या तारेबद्दल झालं असावं. बरोबर सूर कसा काढायचा हे तिला माहीत नव्हतं, पण चुकलेला कुठला हे ती कांदा चिरता चिरता सांगू शकत होती. चार दिवस ती रोज बसली. तीन तारा, दोन पेडल, एक कांडी. तीन सुरांतले दोन वर चढायचे आणि एक जागेवर राहायचा. बस, एवढंच. गुरुवारी कांडी हातातून निसटून पायावर पडली, अंगठा काळानिळा झाला. शनिवारी बूट घालताना तिच्या लक्षात आलं की तो दुखतोय. तिला जरा बरं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता ऊन अजून नाचघराच्या खिडक्यांतून आडवं आत येत होतं. तीनशे माणसं होती. स्टेजवर हिरवी गिटार, तिच्यामागे एडविनची खुर्ची. खुर्ची उंच होती, म्हणून मार्सेलाने घरचं स्टूल आणलं होतं. कमिटीत कुणीतरी कुजबुजलं, की नियमात खुर्चीचं लिहिलंय, स्टुलाचं नाही. आल्फोन्सने त्याच्याकडे असं बघितलं की तो सॉसेज घ्यायला निघून गेला.

मार्सेला बसली. गुडघे आत घातले. पुढच्या रांगेत ट्रॅव्हिसने नकळत डोळे मिटून घेतले. काही अडकलं नाही.

तिने नख्या चढवल्या, कांडी टेकवली, तीन तारा छेडल्या आणि दोन्ही पेडल हळूहळू दाबली. दोन सूर वर चढले, एक थांबून राहिला. आवाज छतापर्यंत गेला आणि तिथे थोडा वेळ राहिला.

आल्फोन्सने डोळे पुसले आणि तीन मात्रांचा वॉल्ट्झ सुरू करायला अकॉर्डियन उघडलं.

"थांबा," मार्सेला म्हणाली. "तिसरी उतरलीय."

"मार्सेला, झालं, बोलली ती—"

"उतरलेली बोलली."

तिने खुंटी पिळली. तार छेडली. पुन्हा पिळली. तीनशे माणसं उभी होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "अजून." तिने मान वर न करता म्हटलं, "मला ऐकू येतंय." आणखी एक केसभर पिळली. मग पुन्हा तीन तारा, पुन्हा दोन पेडल. या वेळी डावा गुडघा आपला आपण डावीकडे गेला. ते तिने ठरवलेलं नव्हतं. त्याने तिसऱ्याही सुराला जागेवरून हलवलं आणि तिघं मिळून कुठेतरी भलतीकडेच गेले. तिने कांडी सरकवून त्यांना परत आणलं. अगदी नीट नाही, पण आणलं.

आल्बिना मोठ्याने रडायला लागली. तिच्यामागोमाग सिस्टर बेनिग्ना, न्हावी, दातांचे डॉक्टर. सगळ्यांनी मार्सेलाकडे बघितलं. मार्सेला नख्या काढून डबीत ठेवत होती. अंगठ्याची एक, बोटांच्या दोन, जी ज्या खाचेत जायची त्या खाचेत.

मग ट्रॅव्हिसने आपली गिटार आणली आणि एडविनच्या खुर्चीवर बसला. खुर्ची मोकळी झाली होती, बँड वाचला होता. मार्सेला मागे स्वयंपाकघरात जाऊन सॉसेज वाढायला लागली. तिसऱ्या वॉल्ट्झच्या मध्यावर तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तिसरी!"

ट्रॅव्हिसने दचकून इकडेतिकडे बघितलं आणि खुंटी पिळली.

"अजून!" म्हणून ती पुन्हा वाढायला लागली.

तिथेच तिला एक पोस्टमन भेटला. शेजारच्या मोल्टन गावचा, पाच फूट चार, सडपातळ, ताटात दोन सॉसेज. "मॅडम, मी रजेवर होतो, या गिटारीचं मला आजच कळलं," तो म्हणाला. "मीही वाजवतो. आयुष्यभर लोकांच्या गिटारींपुढे खाली उशा घेऊन बसलोय. गिटार विकणार असाल तर सोमवारी येऊन बघू?"

"या की," मार्सेला म्हणाली. "सकाळी या."

तेच तर हवं होतं. बोलली की सुटली.

सोमवारी सकाळी तिने खसखशीचा कोलाचे, म्हणजे गोड पाव, गरम केला, कॉफी ओतली आणि टेबलाशी बसली. दारात कुणी भांडं घेऊन आलं नव्हतं. पहिला घास घेतला आणि ताटली खुळखुळली. तिला वाटलं मागच्या रस्त्याने मोठा ट्रक चाललाय. ट्रक गेला असेल एवढा वेळ ती थांबली. ताटली खुळखुळतच होती. कॉफीवर गोल गोल वर्तुळं उठत होती.

तिने टेबलाखाली वाकून बघितलं. डावा गुडघा डावीकडे जाऊन परत येत होता. पुन्हा डावीकडे, परत. समोरची खुर्ची रिकामी होती. हा तिचाच होता.

तेवढ्यात दार वाजलं. "मॅडम? मी, मोल्टनचा पोस्टमन!"

मार्सेलाने टेबलावरचा इस्त्रीचा रुमाल उचलला. गालावर काहीतरी ओलं लागत होतं. तिला आधी ती कॉफीची वाफ वाटली. तिने पुसलं, ते पुन्हा आलं.

"मॅडम?"

पोस्टमन चार मात्रांत दार वाजवत होता आणि गुडघा तीन मात्रांत चालला होता. दोन्ही एकदम ऐकणं शक्य नव्हतं. तिने डोळे मिटले आणि आधी वॉल्ट्झ संपू दिला.